इंदूर बघायचं तर वसंतात, आणि रात्रीचं

इंदूरला जाणारे बहुतेक जण ते उज्जैन-ओंकारेश्वरच्या वाटेवरचा मुक्काम म्हणूनच धरतात. संध्याकाळी हॉटेलात सामान टाकायचं, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत घाईघाईने एक चक्कर मारायची आणि सकाळी सहाला गाडीत बसायचं. हा त्या शहरावर अन्याय आहे. मराठी माणसाने तर तो मुळीच करू नये. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांचं आडनाव पडलं, त्या होळकरांची ही राजधानी. इथल्या वाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, रामबागेत आजही घराघरांतून मराठी ऐकू येतं आणि मराठी नाटकांचे प्रयोग भरून चालतात. लता मंगेशकरांचा जन्मही इथलाच, १९२९ सालचा.

उत्तरेत एक जुनं वचन आहे: सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा. सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची. यात कवीची अतिशयोक्ती नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, पठारावर वसलंय. फाल्गुनात दुपारचं ऊन चटके देऊ लागतं, पण सूर्य कलला की हवा भराभर निवते. शहराने आपलं खाणंपिणं, गप्पा आणि फिरणं या गार वेळेला बांधून घेतलंय. म्हणून या सहलीचं वेळापत्रक उलटं मांडायचं: सकाळी लवकर बाहेर, दुपारी स्वस्थ झोप आणि खरा दिवस रात्री नऊनंतर. एवढं जमलं तर बाकीचं सोपं आहे.

कधी जायचं, कसं पोचायचं

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. फेब्रुवारीत गेलात तर रात्रीसाठी एक पातळ शाल किंवा स्वेटर हवा. एप्रिल निम्मा सरला की पारा चाळिशीकडे जातो आणि दिवसा काही बघायचं त्राण उरत नाही.

या सुमारास तीन मुहूर्त येतात. पहिला रंगपंचमीचा, फाल्गुन वद्य पंचमीचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. दुसरा गुढीपाडव्याचा, गर्दी नको असेल आणि इंदुरी मराठी घरांच्या दारांतल्या गुढ्या बघायच्या असतील तर हा निवडा. तिसरा १४ एप्रिलचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली इंदूरजवळच्या महूमध्ये झाला. जयंतीला तिथल्या जन्मभूमी स्मारकावर मोठा जनसागर लोटतो आणि त्यात महाराष्ट्रातून येणारे फार असतात. त्या आठवड्यात इंदूरची हॉटेलं आणि गाड्या दोन्ही भरलेली असतात हे लक्षात ठेवा.

मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस सोयीची. संध्याकाळी बसलात की सकाळी इंदूरात. पुण्याहूनही थेट गाडी आहे, नागपूरकरांसाठी भोपाळमार्गे वंदे भारत आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. होळीच्या दिवसांत पहिल्याच दिवशी हात चालवला नाही तर प्रतीक्षायादीत अडकाल. स्वतःची गाडी असेल तर नाशिक, धुळे, सेंधवा असा जुना मुंबई-आग्रा रस्ता आहे. मुंबईपासून जवळपास सहाशे किलोमीटर, त्यामुळे एका दमात करण्यापेक्षा धुळ्याला थांबलेलं बरं.

राहण्याची जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: रात्री बाराला सराफ्यातून परत यायला किती वेळ लागेल? स्टेशनजवळ, आरएनटी मार्गावर किंवा एमजी रोडवर उतरलात तर रिक्षाने काही मिनिटांत खोलीवर पोचता. विजयनगरकडची हॉटेलं नवी नि चकचकीत आहेत, पण ती जुन्या शहरापासून लांब पडतात. पब आणि बारमध्ये संध्याकाळ घालवायची असेल, तरच तिकडे राहा; तसली ठिकाणं बहुतेक त्याच भागात आहेत. माझं मत विचाराल तर पब कुठल्याही शहरात मिळतात, सराफा फक्त इंदूरात.

सकाळ: पोहे-जिलबी आणि राजवाडा

गाडीतून उतरलात की आधी पोहे. आपल्याकडचे पोहे कढईतून थेट बशीत येतात. इथे ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या मोठ्या परातीत, वाफेवर मऊ राहतात. त्यात बडीशेप असते आणि किंचित गोडी असते. बशीत घेतल्यावर वरून शेव, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, कुठे डाळिंबाचे दाणे आणि शेवटी जीरावन. जीरावन म्हणजे जिरं, धणे, आमचूर, काळं मीठ अशा बऱ्याच जिनसांचा आंबट-तिखट मसाला. सोबत गरम जिलबी घ्यायचीच; पोह्यांचा एक घास, जिलबीचा एक तुकडा, अशी आलटून पालटून. तिखट चालत असेल तर दुसऱ्या दिवशी उसळ-पोहे मागा. पोह्यांवर झणझणीत उसळीचा रस्सा येतो आणि मिसळीवर वाढलेल्या माणसाला तो लगेच आपलासा होतो. पोह्यांची गाडी निवडताना नाव शोधू नका. जिथे ऑफिसला निघालेली माणसं उभ्या उभ्या खात आहेत, तिथे थांबा.

दहाच्या सुमाराला राजवाड्यात जा. १७४७ च्या सुमारास याचं बांधकाम सुरू झालं. सात मजल्यांचं ते भव्य प्रवेशद्वार समोर उभं राहून नीट बघा: खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. मराठा वाड्याची बांधणी, राजपूत झरोके आणि मुघल कमानी असं सगळं त्यात मिसळलंय. या वाड्याने आगी पाहिल्या आहेत. १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीत मागचा भाग उद्ध्वस्त झाला, नंतर तो पुन्हा बांधला गेला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. आत गेल्यावर मल्हारी मार्तंडाचं दर्शन घ्या. जेजुरीच्या खंडोबाला मानणाऱ्या घराण्याने आपलं दैवत इतक्या दूर सोबत आणलं, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त जाणवतं.

तिथून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे या. कान्ह नदीच्या काठी होळकर घराण्यातल्यांची ही स्मारकं. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या. पायथ्याच्या दगडी पट्ट्यांवर शिपाई, वादक, हत्ती-घोडे कोरलेत. सकाळचं तिरकं ऊन असतानाच ते उठून दिसतात, म्हणून अकराच्या आत पोचा.

मग इतवारिया बाजारातलं काचमंदिर. सर सेठ हुकुमचंद या गिरणीमालकाने बांधलेलं हे जैन मंदिर आतून भिंती, खांब, छत, जमीन सगळं काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. आत फोटो काढू देत नाहीत. खजराना गणपती आणि बडा गणपती भाविकांनी जरूर करावेत, पण शहर बघायला आलेल्याने त्यासाठी अर्धा दिवस मोडू नये.

दुपारी खोलीवर परत. झोपा. हा सल्ला गांभीर्याने घ्या, कारण पुढची रात्र लांब आहे.

रात्र: सराफा कसा खायचा

राजवाड्याच्या मागे, चालत काही मिनिटांवर सराफा बाजार आहे. दिवसा ही सोन्याचांदीची पेढी. रात्री आठच्या सुमाराला सराफांची शटरं खाली येऊ लागतात आणि त्याच ओट्यांवर, त्याच पायऱ्यांसमोर शेगड्या, कढया, तवे मांडले जातात. नऊपर्यंत गल्ली तयार होते, अकराला तुडुंब भरते आणि रात्री दीड-दोनपर्यंत चालते. जुने लोक सांगतात की रात्री वर्दळ राहिली तर दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना ओटे वापरू दिले. आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत अख्खी घरं इथे मध्यरात्री खाताना दिसतात.

इथे चुकीच्या क्रमाने खाल्लं तर तिसऱ्या पदार्थालाच पोट नाही म्हणतं. म्हणून असं करा.

दुपारचं जेवण हलकं ठेवा आणि संध्याकाळी सहानंतर चहाखेरीज काही घेऊ नका. रिक्षा राजवाड्याशी सोडून पुढे चालत जा. गल्लीत गाडी न्यायचा विचारही नको. तिघे-चौघे मिळून जा आणि प्रत्येक पदार्थाची एकच बशी मागवून वाटून खा. एकटे असाल तर दोन रात्री द्या. सुटे पैसे जवळ ठेवा. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण गर्दीत नेट अडकतं. शनिवार-रविवार शक्यतो टाळा.

पोचल्यावर लगेच खायला उभे राहू नका. आधी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकाम्या हाताने चालून या. कुठे काय आहे, कोणाच्या कढईतलं तेल ताजं दिसतंय, कुठे इंदूरकरांची रांग आहे, हे दहा मिनिटांत कळतं.

सुरुवात जोशींच्या दहीबड्याने करा. इथे खाण्याइतकंच बघण्यासारखंही आहे. दही घातलेला द्रोण ते गरकन हवेत वर फेकतात, तो फिरत वर जातो, परत हातात येतो आणि दह्याचा थेंब सांडत नाही. मग मीठ, जिरं, तिखट असे मसाले एकाच चिमटीत उचलतात आणि बोटं अशी सैल करतात, की दर वेळी एकच मसाला पडावा. समोर उभं राहून लक्षपूर्वक बघितलं तरी कोणत्या बोटाखाली कोणता मसाला होता, हे कळत नाही. वडा मऊ, दही गार आणि गोडसर. रिकाम्या पोटाला पुढच्या तिखटासाठी तयार करणारं.

त्यानंतर भुट्टे का कीस. कोवळी मक्याची कणसं किसून तुपात परततात, दूध घालून शिजवतात, वर कोथिंबीर, खोबरं, लिंबू आणि जीरावन. माझ्या लेखी इंदूरचा हा सर्वांत अस्सल पदार्थ. तव्याच्या कडेला खरपूस झालेला भाग असतो, तो मागून घ्या. पुढे खोपरा पॅटिस: बटाट्याच्या आवरणात ओल्या खोबऱ्याचं सारण, तळून, चटणीसोबत. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र घरची चव शोधायला जाऊ नका. ती वाफेवर शिजते, तिच्यात फोडणी नसते. मागितल्यावर उपवासाचा चिवडा, बटाट्याच्या सळ्या, लिंबू, मिरची असं सगळं त्यात कालवून देतात. उपासाच्या पदार्थाचं त्यांनी रोजचं चाट केलंय आणि ते फार छान लागतं.

गराडू दिसला तर भाग्य समजा. हा तळलेला कंद थंडीतला पदार्थ. फेब्रुवारीत अजून मिळतो, होळीनंतर दिसेनासा होतो.

गोडाकडे वळायचं ते सगळ्यात शेवटी. जलेबा म्हणजे बशी भरून टाकणारी एकच जाड जिलबी. चौघांत एक पुरे. मालपुवा, मावा बाटी, रबडी यांतलं एकच निवडा. आणि शिकंजी पिताना तयारीत राहा: इथली शिकंजी लिंबाची नाही, ते आटवलेलं दूध, मठ्ठा, केशर आणि सुकामेवा यांचं दाट, गार पेय आहे. तहान भागवायला घेऊ नका, ती पोटभरीची आहे.

सराफा पूर्ण शाकाहारी आहे. पाणी सीलबंद बाटलीतलंच प्या. आणि कचरा डब्यातच टाका. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलंय, ते नागरिकांनी अंगी लावून घेतल्यामुळे. द्रोण खाली टाकलात तर शेजारचा अनोळखी माणूस नम्रपणे, पण नक्की टोकेल.

दुसरी संध्याकाळ: छप्पन दुकान किंवा नाटक

पलासिया भागातलं छप्पन दुकान संध्याकाळी सहा ते दहासाठी. ओळीने छप्पन दुकानं, मधला रस्ता फक्त चालणाऱ्यांचा, बसायला बाकं. सराफ्यात दाटीवाटीला घाबरणाऱ्या ज्येष्ठांना आणि लहान मुलांना हेच बरं. जॉनी हॉट डॉग इथलं प्रसिद्ध दुकान: पावात भाजीची टिक्की, किंवा अंड्याचं बेंजो, म्हणजे पावात ऑम्लेट. सराफा आणि छप्पन एकाच रात्री करू नका. दोन्ही अर्धवट होतात.

हातात वेळ असेल तर त्या आठवड्यात मराठी नाटकाचा प्रयोग आहे का, बघून ठेवा. ‘सानंद’ ही संस्था वर्षानुवर्षं महाराष्ट्रातली नाटकं इंदूरला नेते आणि तिथला प्रेक्षक जाणकार आहे. पुण्या-मुंबईत तिकीट न मिळालेलं नाटक इंदूरात बघायला मिळालं, तर सहलीला वेगळीच रंगत येते.

त्या दिवशी सकाळी लालबाग राजवाडा ठेवा. १८८६ ला सुरू झालेलं काम १९२१ पर्यंत चाललं. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दारांच्या धर्तीवर ओतलेली लोखंडी दारं, नृत्यासाठी दबणारी लाकडी जमीन असलेला दिवाणखाना आणि नदीपलीकडे स्वयंपाकघर, जिथून ताटं भुयारातून यायची. राजवाड्याच्या दुरुस्तीची कामं निघत असतात, म्हणून आतला कोणता भाग उघडा आहे ते आधी विचारा. अशा सरकारी वास्तू सहसा सोमवारी बंद असतात. दुपारी दाल-बाफले खा. बाफला बाटीपेक्षा मऊ, कारण तो आधी पाण्यात उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. दोन बाफले, डाळ, लाडू एवढ्यावर थांबा. आग्रह होईल, तरीही थांबा.

रंगपंचमीची गेर

वसंतातलं इंदूर म्हणजे मुळात रंगपंचमी. होळीला राजवाड्यासमोर होळकरांच्या परंपरेतली सरकारी होळी पेटते. धुळवड होते, पण शहर खरं पेटतं ते पंचमीला. त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. राजघराण्यातली मंडळी प्रजेबरोबर रंग खेळायला रस्त्यावर येत, त्या रिवाजातून ‘गेर’ ही रंगांची मिरवणूक वाढली असं मानतात. आज टोरी कॉर्नर, संगम कॉर्नर, मॉरल क्लब, रसिया कॉर्नर अशा नावांच्या गेरी निघतात. हिंद रक्षक संघटनेची फाग यात्राही असते. पाण्याचे टँकर, मोठाले पंप, गुलाल आकाशात उडवणाऱ्या तोफा. गुलाल चार-पाच मजल्यांच्या वर जातो आणि राजवाड्याच्या चौकावर रंगीत ढग उभा राहतो. दुकानं, इमारती आणि खुद्द राजवाड्याचं तोंड आदल्या दिवशी ताडपत्रीने झाकलेलं असतं.

तयारी अशी. हॉटेल राजवाड्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर घ्या, कारण त्या दिवशी रिक्षा आत येत नाहीत. सराफ्याची रात्र आधीच उरकून घ्या. सकाळी भरपेट नाश्ता करा. त्या भागात दुपारपर्यंत काही मिळेलच असं नाही. केसांना, मानेला, कानामागे खोबरेल तेल चोपडा. टाकून देण्याजोगे कपडे घाला, चप्पल नको, बंद बूट हवेत. गर्दीत चप्पल निघाली तर परत मिळत नाही. चष्मा दोरीने बांधा. मोबाइल दुहेरी प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, दागिने खोलीवर. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी रस्त्यावर उतरू नये. त्यांच्यासाठी गच्ची आहे: मिरवणुकीच्या मार्गावरच्या इमारतींवरून बघण्याची सोय अलीकडच्या वर्षांत केली जाते, मात्र जागा आधी ठरवावी लागते.

दहाच्या सुमारास पोचा आणि चौकाच्या मधोमध न जाता एखाद्या बोळाच्या तोंडाशी उभे राहा, म्हणजे दाटी वाढली तर बाहेर पडता येतं. बरोबरच्यांशी भेटायची जागा आधी ठरवून ठेवा. बायकांनी गटात राहावं हे उत्तम. गेर तिसऱ्या प्रहरी ओसरते. त्यानंतर लगेच खोलीवर पळू नका, थोडं थांबा: महापालिकेचे सफाई कामगार यंत्रं आणि झाडू घेऊन उतरतात आणि गुलालाने माखलेला रस्ता काही तासांत लख्ख करतात. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारे लोक असतात, तुम्हीही वाजवा.

एक दिवस महेश्वरला

अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं ते महेश्वरहून; इंदूर पक्की राजधानी झाली ती १८१८ च्या मंदसौर तहानंतर. महेश्वर नव्वदेक किलोमीटर. जाताना महूवरून जाम गेटचा घाटरस्ता घ्या. विंध्याच्या कड्यावरचा हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधवला. तिथून खाली निमाडचा प्रदेश पसरलेला दिसतो आणि फाल्गुनात उतारांवर पळस फुललेला असतो.

किल्ल्यात अहिल्याबाईंची साधी गादी बघा, मग विणकरांकडे जा. महेश्वरी साडीची ओळख म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येणारा काठ आणि पदरावरचे पाच पट्टे. १९७९ साली सुरू झालेल्या रेहवा संस्थेत मागावरचं काम जवळून बघता येतं. ऊन उतरल्यावर नर्मदेच्या घाटावर बसा, होडीतून एक फेरी मारा आणि अंधार पडायच्या आत घाटरस्ता पार करा. महेश्वर आणि उज्जैन ही दारूबंदीच्या यादीतली तीर्थक्षेत्रं आहेत, बाटली गाडीतही नेऊ नका.

परतताना

अवंतिका संध्याकाळी सुटते, म्हणून खरेदी सकाळी उरका. शेव वजनावर घ्या: लवंगेची, रतलामी, लसणाची, आणि प्रत्येकीची चिमूटभर चव मागून बघा, कोणी नाही म्हणत नाही. जीरावनचं पाकीट घ्याच. घरच्या पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर ते चालतं. कापडासाठी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आहे. आणि लसणाची शेव दोन पिशव्यांत बांधून साड्यांपासून वेगळी ठेवा.